शब्दानंतरची जागा

सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी नवरा ‘ग्रॅज्युअली’ म्हणाला. अडखळला नाही. मधला ‘ज्यु’ जरा ओला झाला, ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून थोडं दूध हनुवटीवर आलं, पण शब्द पुरता बाहेर पडला. मेंदूचा झटका आल्यापासून तीन महिने त्याच्या तोंडाला कुलूप होतं. एक ‘हं’ सोडला तर काही नाही. ती त्याला दुधात भिजवलेला पाव भरवत होती आणि त्या दिवशी रेकॉर्ड करायचे शब्द पुटपुटत होती. ग्रॅज्युअली, धीरे-धीरे, शी ग्रॅज्युअली लर्न्ड टु स्विम. मग पुन्हा एकदा नुसता शब्द, आणि थांबणं. शब्दानंतर थांबायचंच असतं. इतक्या वर्षांत ते तिच्या हाडात मुरलं होतं. त्या थांबण्यात तो म्हणाला. तिच्या हातातला चमचा हवेत राहिला आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की शेवटच्या ‘ली’वर जोर जरा जास्त पडला.

नणंद ओट्याशी होती. भावाचं दुखणं कळल्यापासून ती आपलं घर बंद करून इथे येऊन राहिली होती, आणि आल्या दिवसापासून तिने बोलणं थांबवलेलं नव्हतं. हात पदराला पुसत ती धावत आली. बाळ्या बोलला का, काय बोलला, म्हणजे काय त्याचा अर्थ. हळूहळू, असा अर्थ वन्सं, असं हिने सांगितल्यावर नणंदेने दोन्ही हात कपाळाला लावले. बघ, त्याला सगळं कळतंय, हळूहळू होईन बरा असं सांगतोय तो, माझा भाऊ आहे, एका शब्दात काम करणारा. मग ती खाटेच्या कडेला बसली आणि म्हण रे, ताई म्हण, तायडे म्हणायचास ना मला, सायकल पाडलीस तेव्हा कुणी वाचवलं होतं तुला बाबांच्या हातून, म्हण ना ताई, असं दम न घेता बोलत राहिली. तो तिच्या ओठांकडे बघत राहिला. बोलला काही नाही. पण नणंदेचं समाधान झालेलं होतं. तिने लगेच मुलाला फोन लावला, दुसऱ्या देशात त्या वेळी दुपार होती, आणि फोन भावाच्या कानाशी धरला. मुलगा म्हणाला, “बाबा, मी बोलतोय.” मग त्याला पुढे काही सुचेना म्हणून तो थांबला. त्या जागेत बाप म्हणाला, “बाबा, मी बोलतोय.” पलीकडे मुलगा हसला, मग हसता हसता रडला. नणंदही रडली. हिने चमचा वाटीत ठेवला, त्याची हनुवटी पुसली आणि कामावर जायला उशीर होतोय असं सांगून चपला शोधायला लागली.

लिफ्ट नेहमीप्रमाणे तिसऱ्या मजल्याशी जराशी हिसकली. तिला हिसका कळत होता, कारण नव्हतं कळत. त्याला कळायचं. तो लिफ्ट दुरुस्त करणारा. जिन्यात उभं राहून नुसत्या आवाजावरून तो सांगायचा की अमुक इमारतीची लिफ्ट आता आठवड्याभराची सोबती. लोक दोन मजल्यांमध्ये अडकले की त्याला फोन यायचा, आणि लोक अडकायचे ते हमखास तो जेवायला बसला की. तिने ज्या दिवसापासून हे शब्दांचं काम धरलं त्या दिवसापासून तो तिचा पहिला विद्यार्थी होता. उद्याचे शब्द तिने रात्रीच्या जेवणाआधी मोठ्याने वाचायचे, त्याने समोर बसून ऐकायचं, असा ठराव. काम सोपं होतं, म्हणजे ऐकणाऱ्याला सोपं वाटावं असं होतं. इंग्रजी शब्द, त्याचा हिंदी अर्थ, एक इंग्रजी वाक्य, पुन्हा शब्द, आणि मग शिकणाऱ्याने मागून म्हणावं म्हणून सोडलेली मोकळी जागा. आधी कॅसेट होत्या, मग सीडी आल्या, आता फोनमध्येच सगळं. रखवालदार, गाडी चालवणारे, दुकानात कापड दाखवणारे, परदेशात नवऱ्याकडे जायला निघालेल्या मुली, अशी किती माणसं त्या जागेत ओठ हलवत असतील याचा अंदाज कचेरीतही कुणाला नव्हता. ते तिला दीदी म्हणायचे. शब्दवाली दीदी. तिला निवडलं तेव्हा पहिल्या संपादकाने शाबासकी म्हणून सांगितलं होतं, बाई, तुमच्या हिंदीला गाव नाही, हे फार चांगलं आहे. घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला होता, “मग राहते कुठे ती?”

असाच तो बोलायचा. मोकळ्या जागेत त्याने शब्द मागून म्हटला असं कधी झालंच नाही. ती म्हणायची हेजिटेट, हिचकिचाना, डू नॉट हेजिटेट टु आस्क, हेजिटेट. आणि थांबायची. तो म्हणायचा, विचारलं की खेकसतेस आणि वर हे. ती म्हणायची स्टबर्न, ज़िद्दी, माय फादर इज स्टबर्न. तो म्हणायचा, सासऱ्यांना कशाला मध्ये आणतेस, आधीच ते माझ्यावर नाराज. एकदा पंक्चुअल आला होता. पंक्चुअल, समय का पाबंद, माय हजबंड इज ऑल्वेज पंक्चुअल. त्या दिवशी तो दोन तास उशिरा आलेला, हात अजून ग्रीसने काळे, मानेवर काळा पट्टा. त्याने शांतपणे विचारलं, “कुणाचा?” ती इतकी हसली की पुढचा शब्द वाचता येईना. दुसऱ्या दिवशी स्टुडिओतही त्या वाक्याशी आल्यावर तिला हसू फुटलं, रेकॉर्डिस्टने तीन वेळा थांबवलं, शेवटी वाक्य बदलून हजबंडच्या जागी ब्रदर घातला तेव्हा काम पुढे सरकलं. पुढे पुढे तो शब्द घरात नुसता उच्चारला तरी पुरे असायचा. पाहुण्यांसमोर, मुलाच्या शाळेत, एकदा तर स्मशानातून परत येताना टॅक्सीत. तिने पंक्चुअल म्हणायचं, त्याने इकडेतिकडे बघत कुणाचा म्हणून विचारायचं. संसारात दोघांच्या मालकीचं म्हणावं असं त्यांच्यापाशी फार नव्हतं. हे होतं.

लिफ्ट तळाला आली. रस्त्यावर पाणी मारून गेले होते, दुकानांची शटरं अर्धी वर होती. चालताना तिला तो शेवटचा शुक्रवार आठवत होता, आठवायचा नाही असं ठरवल्यामुळे जास्तच. त्या संध्याकाळी कचेरीने दुप्पट शब्द दिले होते, कारण दुसरी एक कंपनी याच धंद्यात उतरली होती आणि हिच्या संपादकाला घाम फुटला होता. ती वाचत होती आणि तो प्रत्येक जागेत काहीतरी बोलत होता, आणि त्या दिवशी त्याची एकही गंमत तिला गोड लागली नाही. कागद मांडीवर आपटून ती म्हणाली, एकदा तरी नीट माझ्यामागून म्हणा हो, जरा लय तरी समजू दे मला.  बरं, तो म्हणाला, आणि खरोखरच पुढचे आठ-दहा शब्द त्याने शहाण्या मुलासारखे मागून म्हटले, एकही चूक न करता. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात तो पडला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता. रक्तदाबाच्या गोळ्या तो महिनाभर घेत नव्हता, पाकीट त्याच्या हत्यारांच्या पेटीत तसंच सापडलं, डॉक्टरांनी ते हातात घेऊन तिच्याकडे पाहिलं होतं. तिला हे सगळं नीट माहीत होतं. कुणाचं तरी बोलणं कुठेतरी टिपून घेतलं जातं आणि मग हिशेब चुकता होतो असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता. तरीही त्या आठ-दहा शब्दांमधला त्याचा आवाज, आज्ञाधारक, सपाट, आज सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी तिने पुन्हा ऐकला होता. तोच होता. आवाज ओळखण्यात ती चुकत नसे.

इस्पितळातल्या त्या पहिल्या सकाळचंही एक होतं. स्ट्रेचर वळणावर भिंतीला घासलं तेव्हा तिच्या तोंडून निघालं, केअरफुल, प्लीज. तिच्याही नकळत ती थांबली. स्ट्रेचर ढकलणारा हिंदी बोलणारा माणूस, चाळिशीचा, मिशीवाला, मान वर न करता म्हणाला, केअरफुल, प्लीज. मग त्याची मान झटकन वर आली. आप वही दीदी हैं ना. त्याचा चेहरा उजळला होता. लिफ्टमध्ये वर जाईपर्यंत तो सांगत राहिला की याच लिफ्टमध्ये, मजल्यांच्या मधल्या वेळात, त्याने तिचे हजारभर शब्द पाठ केले, आता साहेब लोकांशी दोन वाक्यं बोलतो, पगार वाढला. तिचा नवरा दोघांच्या मध्ये आडवा होता, एक डोळा अर्धा उघडा. लिफ्ट कुरकुरत होती. तिला वाटलं होतं, तो आत्ता काहीतरी बोलेल, लिफ्टबद्दल किंवा तिच्या या विद्यार्थ्याबद्दल. अजून तिला झटका म्हणजे काय ते समजलेलं नव्हतं.

स्टुडिओ म्हणजे एका कचेरीच्या मागची, पूर्वी सामान ठेवायची खोली. भिंतींना राखाडी स्पंज, दाराला गोधडी, काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. तिने बांगड्या काढून बशीत ठेवल्या, सफरचंदाची फोड चावली, त्याने तोंडातली चिकचिक जाते, आणि न करकरणाऱ्या खुर्चीवर बसली. सुरुवातीला नेहमीचा विधी झाला. अर्धा मिनिट कुणी हलायचं नाही, नुसती खोलीची शांतता रेकॉर्ड करायची. रेकॉर्डिस्टचं म्हणणं, शांतता दोन तऱ्हेची. एक खोलीची, जिच्यात भिंती असतात, हवा असते, माणूस असतो. आणि एक मेलेली, जिथे आवाज नुसता कापून टाकलेला असतो. मेलेली शांतता कानाला लगेच कळते, ऐकणाऱ्याला वाटतं यंत्र बंद पडलं. म्हणून जिथे जिथे रिकामं सोडायचं तिथे खोलीची शांतता भरायची. तिला हे बोलणं आवडायचं. आज त्या अर्ध्या मिनिटात तिने स्वतःचा श्वास ऐकला आणि तो तिला फार मोठा वाटला.

दिवा लागला, ती वाचायला लागली. ग्रॅज्युअली, धीरे-धीरे. वाक्य झालं, शब्द झाला आणि ती न थांबता पुढच्या शब्दावर गेली. मग त्याच्या पुढच्या. ग्रॅटिट्यूड, ग्रीट, ग्रीव्हन्स, एकामागून एक, जसा जिना उतरताना पाय घसरला की माणूस पायऱ्या मोजत नाही. रेकॉर्डिस्टने काचेवर टकटक केली.

“दीदी, जागा नाही सोडलीत.”

ती म्हणाली, चुकले, पुन्हा घेऊ. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच झालं. शब्द संपला की समोर जी पोकळी यायची तिच्या कडेला उभं राहवेना. त्या पोकळीत आजवर तिने एक काम केलेलं होतं जे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. शिकणाऱ्याला किती वेळ लागेल हे कळावं म्हणून ती आवाज न करता ओठांनी शब्द म्हणायची, एखाद्या नवख्याच्या चालीने, अडखळत, आधी चूक मग बरोबर. ते म्हणून झालं की पुढचा शब्द. तिच्या लेखी ती जागा रिकामी नव्हतीच. तिथे ती त्यांची वाट बघत असायची. रेकॉर्डिस्ट दार उघडून आत आला. भला माणूस, तिच्या घरचं त्याला ठाऊक होतं. तो म्हणाला, दीदी, काळजी करू नका, नाही सोडलीत तरी चालेल, मी सकाळची शांतता भरतो मधे मधे. ती म्हणाली, पण ती मोजून सोडावी लागते, प्रत्येक शब्दाला वेगळी. तो जरासा घुटमळला. मग म्हणाला, “ती आम्ही नेहमीच कापतो. तुमचा श्वास येतो ना त्यात. सगळीकडे सारख्या मापाची टाकतो.” नेहमीच म्हणजे कधीपासून, असं तिने विचारलं. तो म्हणाला, मी लागलो तेव्हापासून तरी तसंच, आधीचे साहेबही तसंच करायचे.

तिने उरलेले शब्द जागा न सोडता वाचले. काम लवकर झालं. संपादक खूश झाला, म्हणाला असंच करत जाऊ यापुढे, वेळ वाचतो. जाताना त्याने पुढच्या धड्याचे कागद दिले आणि एका वाक्यावर बोट ठेवून सांगितलं की यातला हा आजारी काका काढायचा, दोन दिवसांत बरा होतो असं तरी करायचं. उदास वाक्य नको, लोक बंद करतात, हा कचेरीचा नियम जुनाच. तिच्या तोंडून गेलेल्या हजारो वाक्यांत कुणी मेलं नव्हतं. सर्दी व्हायची, गाडी चुकायची, चावी हरवायची आणि संध्याकाळपर्यंत सापडायची. माणसं मुलाखतीला जायची आणि त्यांना नोकरी लागायची. त्या वाक्यांतल्या भावाशी, आईशी, शेजाऱ्याशी तिची कधीची ओळख होती. ती कुणाकडे काही मागत नसत आणि कुणाला उलट बोलत नसत.

परत येताना ती एक थांबा आधीच उतरली आणि चालत राहिली. नणंदेजवळ तो मागून म्हणत नाही, हे तिने सकाळीच टिपलं होतं. नणंद जागाच देत नाही. तिच्या बोलण्याचा लोंढा अंगावरून जातो आणि तो नुसता बघतो. पण बघताना त्याच्या कपाळाला एक आठी पडते, जुनी, बहीण फार बोलते तेव्हाची. ती आठी त्याची स्वतःची होती. आणि हिच्यासमोर मात्र तो विद्यार्थी होता. मग असं तर नसेल, की त्याला उत्तर द्यायचं असतं आणि हिचा आवाज त्याला म्हणायला लावतो? तिने रस्त्यात हळूच स्वतःशी बोलून पाहिलं. अहो, भूक लागली का. थांबली. आज ऊन फार आहे. थांबली. प्रत्येक वाक्याच्या शेवटी आवाज खाली उतरून, पायरीवर पाय ठेवल्यासारखा, उभा राहत होता. तिने भांडणातला आवाज आठवायचा प्रयत्न केला, नव्या नवरीचा आवाज, मुलाला हाका मारतानाचा. शब्द आठवले, आवाज आठवेना. तो आठवून देणारं माणूस एकच होतं आणि ते घरी खाटेवर पडलेलं होतं. हिंदीला गाव नाही म्हणून तिला कामावर घेतलं होतं. मराठीचंही गाव कधी उठून गेलं ते तिला कळलंच नव्हतं. शेजारून जाणाऱ्या एका बाईने पुटपुटणाऱ्या तिच्याकडे वळून पाहिलं.

संध्याकाळी स्पीच थेरपिस्ट आली. पंचविशीची, पाठीवर पिशवी, पायात पळायचे बूट. ही तिला मनातल्या मनात ‘तालीममास्तर’ म्हणायची. नणंदेने दारातच तिला सकाळची गोष्ट सांगितली, आणि फोनवरची, आणि मधल्या वेळात भाऊ कसा टवटवीत दिसतोय तेही. मुलगी हसली, खाटेसमोर बसली, चित्रांचे पत्ते काढले. कप दाखवून तिने विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, हे काय आहे. किल्लीचं चित्र दाखवून तिने विचारलं, कशाने उघडतो आपण कुलूप? तो म्हणाला, उघडतो आपण कुलूप. नणंद टाळी वाजवायच्या बेतात होती. मुलीने पत्ते खाली ठेवले. मग ती काही न बोलता बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली, आणि तोही काही बोलला नाही. मग तिने त्याला सांगितलं की डावा हात वर करा. तो म्हणाला, डावा हात वर करा. दोन्ही हात मांडीवर होते तसेच राहिले.

जाताना ती हिला जिन्याशी घेऊन गेली. तिने जे सांगितलं ते तिने सोप्या शब्दांत सांगितलं, आणि ते शब्द तिने आधीही बऱ्याच जणांना सांगितलेले असावेत. कानातून तोंडापर्यंत जायची वाट उघडी आहे, काका ऐकलेलं म्हणू शकतात. अर्थाकडून तोंडाकडे येणारी वाट बंद आहे. ती पहिल्या काही महिन्यांत उघडली तर उघडते.

“म्हणजे हे बरं होणं नाही,” ती म्हणाली.

“मी तसं म्हणत नाही, काकू.”

“मग काय म्हणतेस?”

मुलीने पिशवीचा पट्टा खांद्यावर सरकवला. काही पेशंट इथेच थांबतात, ती म्हणाली. काहींचं हे म्हणणंही कमी होत जातं, थकवा आला की जातं, मग परत येतं, कधी नाही येत. एकाएकी गप्प झाले, हात-पाय ढिले वाटले, डोळे फिरले, तर मात्र वाट बघत बसू नका, फोन करा. तिने विचारलं, मी बोलते तेव्हा थांबते, त्याने होतं का असं? मुलगी म्हणाली, छे, उलट तुमच्यासारखी थांबणारी माणसं मिळत नाहीत आम्हाला. आणि बुटांचा आवाज न करता ती जिना उतरून गेली.

आत आल्यावर नणंदेने विचारलं, काय म्हणाली. हिने जसंच्या तसं सांगितलं. नणंद ऐकत असताना तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी आत ओढलं गेलं, पण क्षणभरच. “कालची पोर ती, तिला काय कळतंय,” ती म्हणाली. “आणि तुला गं, आनंद झाला तरी तोंड वाकडं. बोलला ना तो? तुझंच ऐकून बोलला ना? मी इतकी घसा फोडते, माझ्याशी नाही बोलला.” तिचा आवाज शेवटी चिरकला. हिला पहिल्यांदाच समजलं की नणंदेला दिवसभर तेच लागलं होतं. काहीतरी बोलावं असं तिला वाटलं, पण जे सुचलं ते उदाहरणाचं वाक्य होतं, डू नॉट वरी, एव्हरीथिंग विल बी ऑल राइट. ते तिने गिळलं. नणंद भांडी घासायला आत गेली आणि नळ मोठा सोडला.

जेवणाआधीची वेळ होती. ती त्याच्यासमोरच्या खुर्चीवर बसली, पूर्वी बसायची तशी. उशी त्याच्या उजव्या खांद्याखाली सरकवली, चष्मा नाकावर नीट केला. कागद हातात होते पण तिने ते उघडले नाहीत. दिवसभर जे करायचं टाळलं होतं तेच आता करायचं होतं, हे तिला ठाऊक होतं. करून बघितलं की समजणार. तो मागून म्हणाला, सगळंच्या सगळं, अर्थासकट आणि हजबंडसकट, की मग सकाळपासून जे तिला माहीत होतं ते नक्की होणार, आणि त्या गमतीतही यापुढे राहायला ती एकटीच. तिने हात मांडीवर ठेवले आणि स्टुडिओत म्हणायची तसं म्हटलं, कारण दुसरं कसं म्हणायचं ते तिला येत नव्हतं.

“पंक्चुअल. समय का पाबंद. माय हजबंड इज ऑल्वेज पंक्चुअल.”

आणि जागा सोडली.

नेहमीची जागा भरली. तिच्या ओठांनी आपोआप एका नवख्या माणसाचं अडखळणं म्हणून घेतलं, आधी चूक मग बरोबर, आणि ते संपलं. सकाळी याच्या निम्म्या वेळात तो म्हणाला होता. संध्याकाळी त्या मुलीच्या प्रत्येक प्रश्नाला प्रश्न संपताच म्हणाला होता. आता तो तिच्याकडे बघत होता. ओठ हलले नव्हते. उजवा कोपरा खाली ओघळलेला होता, तो तीन महिने तसाच होता, त्यावरून हसू आहे की नाही हे ठरवता येत नव्हतं, आणि डाव्या कोपऱ्यात काही असलं तर ते दिव्याच्या उजेडाचंही असू शकत होतं. थकवा असू शकत होता. म्हणणंही गेलेलं असू शकत होतं. तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. ते होते तसे होते. डोळे फिरलेले नव्हते. तिने कान दिला, ज्या कानाने ती रोज सकाळी ती राखाडी खोली ऐकायची. आत नळाचं पाणी, फ्रीजची गुणगुण, इमारतीची लिफ्ट वर येताना तिसऱ्या मजल्याशी बसलेला हिसका. त्या हिसक्याला त्याची पापणी लवली, किंवा नुसतीच लवली. त्याचा श्वास होता, जरा खरखरीत, आत जाताना लांब, बाहेर येताना आखूड.

नळ बंद झाला. नणंदेने आतून विचारलं, काय गं, काय म्हणाला तो?

तिने उत्तर दिलं नाही. एक शब्द जरी ती बोलली तरी तो मागून म्हणण्याची शक्यता होती, आणि मग ही जागा गेली असती. नणंदेने पुन्हा हाक मारली आणि ओले हात घेऊन दारात येऊन उभी राहिली, आणि दोघांकडे बघून, कधी नव्हे ती, गप्प राहिली. भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. तिने जागा सोडल्यापासून तोवर खोलीत कुणीही काही बोललेलं नव्हतं.